नागपूर विमानतळाच्या विस्ताराला आजूबाजूच्या गावांचा विरोध का? चौपट मोबदला मिळतो ना?

भाऊ, चौपट सगळ्यांना मिळत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला गुणक लावतात आणि जी रक्कम येते तेवढीच वरून दिलासा म्हणून देतात. ग्रामीण भागात गुणक दोनपर्यंत जातो, म्हणजे जास्तीत जास्त चौपट. शहरी हद्दीत तो एकच, म्हणजे दुप्पट. हा बाजारभाव काढताना आधीच्या तीन वर्षांची खरेदीखतंही बघतात, आणि मुद्रांक शुल्क वाचवायला खतात किंमत कमी दाखवायची पद्धत किती जुनी आहे ते तुम्हालाही ठाऊक असेल. २०१४ च्या आधी निवाडा (मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) झालेल्या जमिनी तर १८९४ च्या कायद्याखाली गेल्या. त्यात दिलासा फक्त तीस टक्के होता.

पण माझ्या मते खरा राग टांगणीला ठेवल्याचा आहे. मिहान, म्हणजे नागपूर विमानतळाभोवतीचा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प, उभारण्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. चार हजार मीटरची दुसरी धावपट्टी कागदावर आली, पुढे विमानतळ चालवायला कुणाला द्यायचा यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि विस्ताराचं भूमिपूजन झालं ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या काळात गावांनी काय करायचं होतं?

माझ्या मामांचं वावर अशाच एका प्रकल्पाच्या आखणीत होतं. संत्र्याचं झाड फळावर यायला पाचेक वर्षं लागतात. वावर राहणार की जाणार हेच माहीत नसताना कलमं कोण लावेल? नवी विहीर नाही, घरावर मजला नाही, बँक कर्जाला कां-कू करणार. पोरासाठी स्थळ घेऊन आलेले पाहुणेसुद्धा पहिला प्रश्न वावराचाच विचारायचे. ना जमीन गेली ना पैसा आला, अशात उमेदीची वर्षं निघून जातात. त्या वर्षांचा मोबदला कुठल्याच निवाड्यात धरत नाहीत आणि हा मला सरळ अन्याय वाटतो.

शिवणगावच्या लोकांना चिंचभुवनला वसवायचं ठरलं. पुनर्वसनाच्या प्लॉटवर घर उभं राहतं, पण ज्याचं पोट दुधावर आहे त्यानं ढोरं कुठं बांधायची? बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याचं वावर करणाऱ्याचे हाल याहून वाईट. त्याची उपजीविका कायदा मान्य करतो, पण बटई तोंडी असते, सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं.

विमानतळ नको असं म्हणणारा माणूस मला तरी गावात भेटला नाही. वेळेत मोजा, वेळेत पैसे द्या, नाहीतर आखणीतून मोकळं करा, एवढंच लोक मागतात.

तुमच्या ओळखीत कुणाचं वावर जात असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहून झाडं, विहीर, पाइपलाइन सगळं लिहून घ्यायचं. आणि रक्कम उचलताना ‘हरकत कायम ठेवून’ असं लेखी द्यायचं, नाहीतर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहाच आठवडे मिळतात.