मावशी, मजुरी कधी मिळते?

“गोळी घेते, तरी साखर उतरत नाही. मनी काय चूक शे, ताई?” यावल तालुक्यातल्या एका मावशींनी मला विचारलं. असं विचारणारे दर आठवड्याला येतात, आणि बहुतेकांची मान खाली असते.

मावशी केळीच्या बागेत मजुरीला जातात. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, 10.2. बहुतेकांसाठी ती 7 च्या आत हवी. आधीच्या भेटीत मी त्यांना आहाराचा छापील तक्ता दिला होता. सफरचंद, ओट्स, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खाणं. तो त्यांनी घडी घालून पिशवीत जपून ठेवला होता. बघून मला फार वाईट वाटलं.

मग गोळ्या काढायला सांगितल्या. महिना संपत आलेला, आणि साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडच्या 14 गोळ्या तशाच. हळूहळू कळलं. सकाळी सहाला चहाबरोबर गोळी, सातला बागेत, भाकरी थेट अकराला. दहाच्या सुमारास दरदरून घाम, हातापायांना थरथर. पोटात अन्न नसलं की ही गोळी साखर फार खाली नेऊ शकते. एकदा डोक्यावर घड असताना चक्कर आली, तेव्हापासून कामाच्या दिवशी गोळी बंद. मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची दुसरी गोळी, संपली की पुढचं पाकीट बाजाराच्या दिवशी, मजुरी हातात पडल्यावर. ताटात रेशनचा भात आणि गव्हाच्या पोळ्या. ज्वारी विकत घ्यावी लागते.

मी म्हटलं, “मावशी, चूक तुमची नाही. विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही.”

कमी उत्पन्न आणि कमी शिक्षण असलेल्यांची साखर जास्त राहते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यामागे काय असतं, ते मावशींच्या पिशवीत होतं.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला आणि गोळी अकराच्या भाकरीला जोडून दिली. (आपल्या मनाने कुणी असा बदल करू नका.) मेटफॉर्मिनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं; तिथे ती मोफत मिळते. भात निम्म्यावर आणला. आठवड्यातून तीन दिवस कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, कारण तिने साखर भातापेक्षा सावकाश चढते. खिशात गुळाचा खडा, घाम सुटला तर लगेच तोंडात टाकायला.

तीन महिन्यांनी 8.4. अजून उतरायला हवी. पाऊस लागला की मजुरीचे दिवस तुटतात, म्हणून पुढची भेट आम्ही मुद्दाम जुलैत ठेवली आहे.