रिपीटर बॅच इथे नसते

"मॅडम, आमच्या लातूरला याला रिपीटर म्हणतात. एक वर्ष घासायचं, मार्क वाढवायचे, सुटायचं. इथे त्याच कामाचे साठ हजार डॉलर कसे काय?"

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, मुलांना शिक्षणाचा सल्ला देते त्या माझ्या खोलीत नीट बसायच्या आत मुक्ताच्या बाबांनी हा प्रश्न टाकला. (नाव अर्थातच बदललंय, ओळखीच्या काही खुणाही पुसल्यात.) शेजारी आई, मांडीवर लॅपटॉप, त्यात एक रंगीत एक्सेल शीट: चौदा कार्यक्रम, फी, अर्जाची मुदत, आणि शेवटच्या रकान्यात 'यशाचा दर'. मुक्ता भिंतीकडच्या खुर्चीत. हुडीच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. वय बावीस, जीवशास्त्राची पदवी नुकतीच हातात आलेली.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या घरांतून येतच असतो. पदवीला ग्रेड कमी पडल्या, आता मेडिकलच्या अर्जाआधी एक वर्षाचं ग्रॅज्युएट (इथे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीनंतरचं) सर्टिफिकेट किंवा मास्टर्स करावं का, आणि केलं तर वर्ष नि पैसा पाण्यात तर जाणार नाही ना? गावाकडच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज. एमकॅटचं माप ४७२ ते ५२८. मुक्ताला ५०९ होते, म्हणजे तिथे फारसं रडण्यासारखं नव्हतं. दुखणं होतं जीपीएचं, म्हणजे चारपैकी मोजल्या जाणाऱ्या ग्रेडच्या सरासरीचं. ३.३२. मेडिकलला लागणाऱ्यांची सरासरी ३.८ च्या आसपास असते.

मला आधी तो 'रिपीटर' शब्द बाजूला काढायचा होता, कारण घरातला निम्मा घोळ त्या शब्दाने केला होता. नीटला दुसऱ्यांदा बसलात की मागच्या वर्षीचे मार्क कोणी विचारत नाही. पाटी कोरी. इथली पाटी पुसली जात नाही. एएमकॅस नावाच्या केंद्रीय अर्जात तुम्ही ज्या ज्या कॉलेजात पाऊल ठेवलं, तिथल्या प्रत्येक विषयाची ग्रेड भरावी लागते. एखादा विषय पुन्हा घेतला तर जुनी आणि नवी, दोन्ही ग्रेड मोजतात.

बाबा हिशोबाचा माणूस, म्हणून हिशोबच मांडला. मुक्ताचे १२४ क्रेडिट (विषयाचं वजन इथे क्रेडिटमध्ये मोजतात), सरासरी ३.३२. समजा तिने पदवीच्याच पातळीवर आणखी ३० क्रेडिट घेतले आणि प्रत्येक विषयात ए, म्हणजे पूर्ण ४, मिळवला. बाबांनी फोनवर गुणाकार केला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला.

"तीन पॉइंट चार पाच? वर्षभर घासून फक्त तेवढंच?"

"तेवढंच. आणि ग्रॅज्युएट सर्टिफिकेट केलं तर तेवढंही नाही. ते मार्क पदवीच्या जीपीएत मिसळतच नाहीत. ३.३२ ची ओळ तशीच राहते, खाली ग्रॅज्युएटची वेगळी ओळ येते."

"मग करायचं कशाला?"

योग्य प्रश्न. वरची ओळ वाचून प्रवेश समितीच्या मनात एकच शंका येते: हे लेकरू आमच्याकडचं पहिलं वर्ष झेपवेल का? खालची ओळ त्या शंकेचं उत्तर असते, पण ती मेडिकलच्याच वजनाच्या विषयांची हवी. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, ऊतीशास्त्र, आणि जमलं तर मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत तोच पेपर. व्हर्जिनियात रिचमंडला व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात प्रीमेड, म्हणजे मेडिकलची तयारी करणाऱ्या, मुलांसाठी असं एक वर्षाचं सर्टिफिकेट आहे. जॉर्जटाउन, बोस्टन, टफ्ट्स यांच्याकडे त्याच जातीचे मास्टर्स आहेत. पण इथे ए मिळाले तर शंका मिटते, बी-सी मिळाले तर शंकेचा पुरावा होतो, आणि तो पुरावा मिळवायला आपणच फी भरलेली असते. म्हणून मी सरसकट कोणालाही 'घ्या प्रवेश' म्हणत नाही. ग्रेड का पडल्या हे सांगता येईपर्यंत तर नाहीच.

ते आईवडिलांसमोर विचारून कळत नाही. पुढच्या वेळी मुक्ता एकटी आली. ट्रान्सक्रिप्टवर तिने स्वतःच पिवळा मार्कर फिरवला होता: ऑर्गो (सेंद्रिय रसायन) सी प्लस, भौतिकशास्त्र बी मायनस, शरीरक्रियाशास्त्र बी मायनस. मी विचारलं, अभ्यास कसा करायचीस?

"स्लाइड्स वाचायचे. सगळ्या. चार-चार वेळा. मावशी, मी आळशी नव्हते."

टेबलावर विजेच्या बिलाचं रिकामं पाकीट पडलं होतं. ते उलटं करून तिच्यापुढे सरकवलं. म्हटलं, मूत्रपिंडातलं नेफ्रॉन काढ, आणि सोडियम कुठे शोषला जातो ते लिही. तिने सुरुवातीचा गोळा झोकात काढला, पुढची वळणदार नळी काढली, खाली उतरणारा फास काढला. तिथे पेन थांबलं. वर जाणाऱ्या बाजूवर बाण आत की बाहेर? बराच वेळ टोक कागदावर तसंच टेकलेलं. पाकिटावर शाईचा ठिपका पसरला.

"स्लाइड दिसली ना, की लगेच येतं," ती म्हणाली.

"आणि एमकॅटचा अभ्यास?"

"तेव्हा स्लाइड्स नव्हत्याच. तीन महिने नुसते प्रश्न सोडवले. चुकलेले वहीत लिहायचे, रविवारी पुन्हा सोडवायचे."

म्हणजे उत्तर तिच्याकडेच होतं. बुद्धी कमी पडली नव्हती. ओळखीचं दिसणं आणि येणं यातला फरक चार वर्षांत तिला कोणी दाखवला नव्हता. घरी मात्र तोपर्यंत 'फोन फार बघते' इथपासून 'चुकीच्या मैत्रिणी' इथपर्यंत निदानं होऊन गेली होती.

मग निवड. आईच्या चौदांतले चार कार्यक्रम लगेच खोडले. ब्रिन मॉर, गाऊचर ही नावं मोठी, पण त्यांचे कार्यक्रम विज्ञान न घेता पदवी केलेल्यांसाठी आहेत. इतिहास शिकून नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलेल्यांनी पायाभूत विज्ञान शिकायला तिथे जायचं. मुक्ताचं ते सगळं झालेलं. उरलेल्या दहांना तिने स्वतः फोन करायचे, आईने नाही, अशी माझी अट होती. आईंना ती फारशी रुचली नाही.

'यशाचा दर' हा रकाना मला सगळ्यात संशयास्पद वाटतो. एका ठिकाणी छापलं होतं, आमची दहापैकी नऊ मुलं आरोग्यक्षेत्रातल्या पुढच्या शिक्षणाला लागतात. मुक्ताने विचारलं, दहा म्हणजे कोण? प्रवेश घेतलेली, पूर्ण केलेली, की ज्यांचे मार्क बघून तुम्ही अर्ज करायला सांगितलं ती? आणि 'आरोग्यक्षेत्र' म्हणजे मेडिकल, की फार्मसी, नर्सिंग सगळं धरून? पलीकडून 'ईमेलने कळवतो' आलं. ईमेल काही आला नाही. दुसऱ्या ठिकाणी आपल्याच मेडिकल कॉलेजात मुलाखतीची हमी होती, पण ३.७ च्या वर जीपीए आणि ठरावीक एमकॅट असेल तरच. ही हमी वाईट नाही; फक्त अट मोठ्या अक्षरात वाचायची असते.

शेवटी दोन उरले: एक खासगी विद्यापीठाचं मास्टर्स, राहण्या-जेवणासकट साठ हजारांच्या वर, आणि एक सर्टिफिकेट, साधारण त्याच्या निम्म्यात. दोन्हीकडे वर्ग मेडिकलच्या मुलांबरोबर. 'मास्टर्स' शब्दाला आपल्याकडे जो मान आहे त्यामुळे बाबा तिकडे झुकले होते. "लोकांना सांगायला बरं," हे ते स्पष्ट बोलले, आणि स्पष्ट बोलले म्हणून मला आवडले. पण मेडिकलला न लागल्यास त्या मास्टर्सवर वेगळी नोकरी मिळेल का, असं मी विचारलं तेव्हा तिघंही गप्प झाले. सर्टिफिकेट ठरलं.

पैशाचं इथेच सांगून टाकते. मुक्ताच्या वेळी नव्हता, पण १ जुलै २०२६ पासूनचा नियम असा की नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत, मेडिकलला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच सरकारी कर्ज. त्यामुळे आधीच्या वर्षाचा खर्च पुढच्या चार वर्षांच्या हिशोबातच धरा, आणि सर्टिफिकेटला सरकारी कर्ज लागू आहे का हे त्या विद्यापीठाच्या कर्ज विभागालाच विचारा. मुलं एच-फोर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असतील तर हे कर्ज मिळतच नाही, आणि कितीतरी मेडिकल कॉलेजं त्यांचे अर्जही घेत नाहीत. ती बोलणी फार आधी करायला हवीत.

खरं भांडण पैशावर झालंच नाही. झालं तारखांवर. मेडिकलचे अर्ज जूनच्या सुमारास जातात, सर्टिफिकेट सुरू होतं ऑगस्टमध्ये. त्याच जूनमध्ये अर्ज केला असता तर समित्यांना दिसलं असतं जुनं ३.३२ आणि खाली एका कार्यक्रमाचं नुसतं नाव, ग्रेडशिवाय. म्हणजे ज्यासाठी पैसे भरले ते दाखवायच्या आधीच निकाल. माझं म्हणणं, वर्ष संपू दे, ग्रेड येऊ देत, मग पुढच्या जूनमध्ये अर्ज. मुलाखतींच्या त्या वर्षाला इथे ग्लाइड इयर म्हणतात.

"म्हणजे दोन वर्षं!" आईंनी लॅपटॉप मिटला. "हिच्या बरोबरीच्या पोरी तोवर कुठल्या कुठे जातील."

त्यांना मी सांगितलं की इथे मेडिकलला लागताना सरासरी वय २४ असतं आणि बहुतेक मुलं मध्ये किमान एक वर्ष घेऊनच येतात. मुक्ता २४ व्या वर्षीच लागणार होती. आकडा पटला, पण चेहरा पटलेला दिसला नाही. लेकीचं वय मोजायची आपली पट्टी वेगळी असते, तिथे माझं काही चालत नाही. त्याच बैठकीत मी डीओ कॉलेजांचंही काढलं. ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची ही पदवी घेतलेल्यांना पन्नासही राज्यांत एमडी या इथल्या नेहमीच्या डॉक्टरी पदवीसारखाच पूर्ण परवाना असतो, देशातल्या दर चार मेडिकल विद्यार्थ्यांमागे साधारण एक तिथे शिकतो. बाबांनी हात झटकला. "ते नको."

ऑक्टोबरमध्ये मुक्ताचा रात्री फोन. पहिल्या शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात ७१, वर्गाची सरासरी ७८. रडून झालं होतं, आवाजावरून कळत होतं. मी विचारलं, वही कुठे आहे? वही नव्हती. सहाच आठवड्यांत, घाबरून, ती पुन्हा स्लाइड्सवर गेली होती. जुनी सवय अशी दबा धरून बसते. त्या रात्री सल्ला काहीच दिला नाही. फक्त म्हटलं, पेपरातले चुकलेले प्रश्न कोऱ्या कागदावर उत्तरांशिवाय उतरव आणि मला फोटो पाठव. दीड वाजता फोटो आला. नऊ प्रश्न. पुढच्या रविवारी तेच नऊ, सोडवलेले. मग दर रविवारी फोटो येत राहिले, मार्चमध्ये थांबले. मी विचारलं नाही. गरज संपली असावी. दुसऱ्या पेपरात ८४ होते, वर्षाअखेर ग्रॅज्युएट जीपीए ३.७२.

ग्लाइड इयरमध्ये तिने एका अर्जंट केअरमध्ये (तातडीच्या किरकोळ दुखण्यांच्या दवाखान्यात) स्क्राइबचं काम धरलं: डॉक्टर तपासतात, ही संगणकावर नोंदी टिपते. अर्ज बावीस एमडी आणि सहा डीओ कॉलेजांना. एमडीच्या दोन मुलाखती. एक नकार, एक प्रतीक्षायादी, जी शेवटपर्यंत हलली नाही. डीओची दोन ठिकाणी निवड. बाबांनी चार दिवस घेतले आणि मग स्वतःच पेनसिल्व्हेनियातली भाड्याची घरं बघायला लागले.

लातूरच्या आजीला बातमी व्हिडिओ कॉलवर सांगितली, तो किस्सा मुक्तानेच मला ऐकवला. आजीने डीओ म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं, हाडं-सांधे हाताने तपासायचंही शिकवतात हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे हाडवैद्य का रे?"

"नाही आई, पूर्ण डॉक्टर," बाबा घाईने म्हणाले.

"थोडी हाडवैद्य पण," मुक्ता म्हणाली.

आजीने फोन खाली करून कॅमेरा उजव्या गुडघ्यावर धरला.