प्रति किलोमीटर घटलं, पण एकूण?

प्रश्न : विमान कंपनीच्या अहवालात ‘प्रति प्रवासी-किलोमीटर उत्सर्जन घटले’ असं वाचलं. म्हणजे कंपनी खरंच सुधारली असं समजायचं का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. विमानांच्या इंधननोंदी तपासण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी वर्षभरात एकूण किती टन इंधन जळलं ते शोधतो. १ किलो जेट इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा हिशेब कुणालाच चुकवता येत नाही.

एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यामागचा हा प्रति प्रवासी आकडा मात्र सहज खाली येतो. खुर्च्या दाटीने बसवल्या, रिकाम्या जागा भरल्या की झालं. त्याच वर्षी उड्डाणं वाढली असतील, तर एकूण धूर वाढलेलाच असतो. शिवाय प्रवासी विमानाच्या पोटात मालही असतो; इंधनाचा किती वाटा मालावर टाकला, हे अहवालात स्पष्ट हवं. म्हणून मला टन-किलोमीटरचा, म्हणजे प्रवासी आणि माल मिळून एक टन वजन एक किलोमीटर नेण्यामागचा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो.

‘निव्वळ उत्सर्जन’, म्हणजे भरपाई वजा करून उरलेला आकडा, दिसलं तर थांबा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठीच्या ‘कॉर्सिया’ योजनेत २०२४ ते २०३५ साठी २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्के ही पातळी धरली आहे. त्यावरच्या वाढीची भरपाई कार्बन क्रेडिट घेऊन, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी केलेली उत्सर्जनातली घट विकत घेऊन, करता येते. क्रेडिट घेतल्याने टाकीतलं इंधन कमी जळत नाही. खरेदी केलेली क्रेडिटं आणि प्रत्यक्ष घट वेगवेगळी छापायलाच हवीत, याबाबत मी आग्रही आहे.

विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघाही उष्णता अडवतात. कार्बनच्या आकड्यात त्या येतच नाहीत.