ऐकू येणाऱ्या चित्रकाराने सांकेतिक भाषेवरील भित्तिचित्राची सुरुवात कोठून करावी?

पुण्यातील कर्णबधिर मंडळींना सोबत घेऊन सांकेतिक भाषेवर भित्तिचित्र करायचे असल्यास सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मीही ऐकू येणारा चित्रकार असून कोथरूडमधील एका भिंतीवर असे काम केले आहे, म्हणून आधी माझी चूक सांगतो.

मी आराखडा घरूनच करून नेला होता : निळ्या पार्श्वभूमीवर मनगटापासून पुढचे बारा हात. तो पाहून गटातील एका ज्येष्ठ बाईंनी दुभाष्यामार्फत एवढेच विचारले, "यांची तोंडे कोठे आहेत?" सांकेतिक भाषेच्या व्याकरणाचा मोठा भाग चेहऱ्यावर असतो, भुवया उंचावल्या की त्याच खुणांनी केलेल्या विधानाचा प्रश्न होतो. खुणेची जागाही तितकीच महत्त्वाची. भारतीय सांकेतिक भाषेत 'स्त्री' ही खूण नाकपुडीशी, जेथे चमकी घालतात तेथे, तर्जनी टेकवून करतात. नाकच काढले नाही तर उरते ते नुसते वर केलेले बोट. आराखडा मी गुंडाळून ठेवला.

त्यानंतर विषय, खुणा आणि रंग गटानेच ठरवले. हालचाल दाखवण्यासाठी माझ्या बाणांऐवजी एकाच हाताच्या तीन अवस्था एकावर एक, फिकटाकडून गडदाकडे रंगवाव्यात, ही सूचना गटातील एका तरुणाची. एका शब्दाच्या खुणेवरून मात्र दोन पिढ्यांत बराच वाद झाला. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश आम्ही पाहिला, तरीही शेवटी भिंतीवर दोन्ही खुणा घेतल्या, आणि तेच योग्य झाले असे मला वाटते.

कामाची रीतही बदलावी लागते. कुंचला हातात असताना बोलणे थांबते आणि नजर भिंतीवर असताना दुभाषी दिसत नाही. त्यामुळे आधी गोलात बसून सर्व बोलून घ्यावे, मगच रंगाचे डबे उघडावेत. दुभाष्याला खिडकीकडे पाठ करून उभे करू नये, कारण उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो. दिवसभराच्या कामाला आलटूनपालटून काम करणारे दोन दुभाषी लागतात आणि त्यांचे मानधन, तसेच कर्णबधिर सहकाऱ्यांचेही, पहिल्याच अंदाजपत्रकात धरावे.

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठात 1989 साली कर्णबधिर कलावंतांनी आपल्या कलेचा जाहीरनामा काढला. त्यात ठसठशीत हात, डोळे आणि कान ही या कलेची वैशिष्ट्ये म्हणून नोंदली आहेत. तो गटाला जरूर दाखवावा, परंतु नमुना म्हणून पुढे ठेवू नये.

आणखी एक : भिंतीचा खालचा चार फूट भाग खुणांसाठी वापरू नये. आपल्याकडे तेथे दुचाक्या लागतात.