रात्रीच्या दुधानंतरची चुळबुळ

प्रिय,

रात्रीचे दूध पाजून बाळाला खाली ठेवले की ते कुंथते, कण्हते, आळोखेपिळोखे देते आणि तू त्याला लगेच उचलून घेतेस, असे तू लिहिले आहेस. तान्ह्या बाळांच्या शुश्रूषेत माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे एक गोष्ट मी तुला खात्रीने सांगते. असे आवाज करणारे बाळ पुष्कळदा गाढ नसले तरी झोपलेलेच असते, आणि आपण घाईने उचलल्यामुळेच त्याची झोप मोडते.

मोठे माणूस आधी शांत झोपेत शिरते; तान्हे बाळ मात्र सक्रिय झोपेतून झोपी जाते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्याची जवळजवळ निम्मी झोप याच प्रकारची असते. त्या वेळी मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे फिरत असतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, हातपाय झटकले जातात आणि मधूनच रडण्याचा एखादा सूर उमटून विरून जातो. झोपेचे एक आवर्तन सुमारे ५० ते ६० मिनिटांत संपते आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर बाळ क्षणभर डोळेही उघडते. नेमके तेव्हाच कोणी उचलले नाही, तर बऱ्याचदा ते आपोआप पुढच्या झोपेत जाते.

आवाजांची कारणेही समजून घे, म्हणजे भीती निम्म्याने कमी होईल. बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते आणि त्याच्या नाकपुड्या इतक्या अरुंद असतात, की किंचित शेंबूड किंवा वर आलेले थोडे दूधही घुरघुर ऐकवायला पुरेसे होते. पोटात दूध गेले की आतड्यांची हालचाल वाढते, परंतु शी करताना पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ त्याला अजून साधलेला नसतो. म्हणून ते लालबुंद होऊन कुंथते. शी मऊ होत असेल तर हा मलावरोध नव्हे, आणि काही आठवड्यांत हा मेळ आपसूक जमतो.

यापुढे आवाज आला की आधी फक्त पाहा. डोळे मिटलेले आहेत का, आवाज मध्येमध्ये थांबतो आहे का, हे मिनिटभर न्याहाळ. डोळे मिटलेले असतील तर हात मागे ठेव. चुळबुळ वाढलीच तर तळहात छातीवर हलकेच टेकव आणि न बोलता थांब. ते पुरते जागे होऊन रडू लागले, तोंड वळवून दूध शोधू लागले, तर मात्र वाट पाहू नकोस. थांबणे म्हणजे बाळाला रडत ठेवणे, असा अर्थ कृपा करून घेऊ नकोस. तान्ह्या बाळाच्या रडण्याला उत्तर मिळायलाच हवे.

पाजताना दिवा मंद ठेव, लंगोट बदलायचा असेल तर तो पाजण्याच्या मध्यावरच बदल, आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे बाळाला खांद्याशी उभे धर. ढेकर निघाली नाही तरी पाठीवर थापट्या मारत बसू नकोस, कारण प्रत्येक बाळ प्रत्येक वेळी ढेकर देतेच असे नाही. थोडे दूध ओघळून वर येणे, बाळ आनंदी असून त्याचे वजन नीट वाढत असेल, तर काळजीचे नसते.

एका बाबतीत मी मुळीच सूट देणार नाही. दूध वर येते म्हणून उशी लावणे, गादी एका बाजूने उंच करणे किंवा बाळाला पोटावर झोपवणे यांपैकी काहीही करू नकोस. सपाट, टणक गादीवर, आजूबाजूला मऊ वस्तू न ठेवता आणि पाठीवरच झोपव. सोफ्यावर बसून पाजताना तुझा डोळा लागणे हे तर अत्यंत धोक्याचे आहे. पेंग येत असेल तर बाळ दुसऱ्या कोणाकडे तरी दे.

बाळाच्या श्वासात पाच-दहा सेकंदांचा खंड पडून नंतर तो भराभर चालू होणे या वयात स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, शांत असतानाही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, बरगड्यांखालची त्वचा आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, २० सेकंदांचा खंड, हिरवी उलटी, दूध घेण्याची अनिच्छा, किंवा तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप, यांपैकी एकही दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे ने.

दिवसरात्रीचे भान बाळाला दोन ते चार महिन्यांच्या सुमारास येऊ लागते. तोवर तुझी झोप तुटक राहणार. म्हणून पाजून झाले की बाळाला उभे धरण्याचे आणि झोपवण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसावर सोपव, आणि पहाटे बाळाच्या कुंथण्याची चाहूल लागत असताना काही तास दुसऱ्या खोलीत जाऊन झोप. बाळाजवळ कोणीतरी जागे आहे हे पक्के ठाऊक असले की तुला त्या आवाजाला कान लावून पडावे लागणार नाही. ही वाटणी आज संध्याकाळीच, थकवा चढण्याआधी, ठरवून घे आणि चार-पाच दिवसांनी मला कळव.

तुझी हितचिंतक