वाचक विचारतात : ‘जेनेव्हिव्ह’मधली शर्यत

प्रश्न : १९५३च्या ‘जेनेव्हिव्ह’ या ब्रिटिश चित्रपटातली लंडन-ब्रायटन मोटारशर्यत खरोखर होते का? शेवटी स्पायकर गाडी भलतीकडेच का जाते?

उत्तर : लंडन-ब्रायटन फेरी खरी आहे, मात्र ती शर्यत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघणाऱ्या या फेरीत १९०५पूर्वीच्याच गाड्या घेतात आणि पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत. चित्रपटातली दोन मित्रांची चढाओढ सुरू होते ती परतीच्या वाटेवर. अ‍ॅलन आणि स्पायकरचा मालक अँब्रोज शंभर पौंडांची पैज लावतात : वेस्टमिन्स्टर पूल आधी कोण ओलांडतो?

शेवट नीट पाहा. स्पायकरची अरुंद चाकं ट्रामच्या रुळाच्या खाचेत अडकतात. मग सुकाणू फिरवून उपयोग नसतो, रूळ नेईल तिकडे गाडी जाते. लंडनच्या जुन्या ट्राम जुलै १९५२मध्ये बंद झाल्या, पण रूळ लगेच उखडले नव्हते, म्हणून हा प्रसंग खराच वाटतो. इकडे अ‍ॅलनची १९०४ची दोन सिलिंडरची डॅरॅक गाडी, म्हणजेच ‘जेनेव्हिव्ह’, पुलाजवळ बंद पडते आणि ब्रेक सुटल्यामुळे घरंगळत पुलावर पोचते. विनोद यंत्राच्या स्वभावातूनच उगवतो. दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस यांचं खरं कसब इथेच आहे.

माउथऑर्गनचं संगीत लॅरी अ‍ॅडलर यांचं. डाव्या विचारांचे म्हणून हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्यामुळे अमेरिकेतल्या प्रतींवरून त्यांचं नाव गाळलं गेलं आणि ऑस्करचं नामांकन संगीत-संचालक म्यूर मॅथिसन यांच्या नावे झालं. हा अन्यायच होता.