सोपो वाढवण्याआधी पावणीचा कागद बघा

भाऊ, तुमच्या पंचायतीने येत्या ग्रामसभेपुढे तीन दरवाढी ठेवल्यात: बाजाराचा सोपो (गोव्यात बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून जागेसाठी घेतात ती फी), दुकान-गाड्यांचा परवाना आणि कोंडवाड्याची फी. उठून विरोध नोंदवला की पुरे का, असं विचारताय. मी पंच होतो, तेव्हाचं सांगतो. नुसता विरोध सचिव एका ओळीत उरकतो.

तिन्ही दर एका दावणीला बांधू नका. कोंडवाड्याची फी वाढली तर मी हात वर करीन. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीत, मोकाट गुरं शिरली की तरवा, म्हणजे भाताची रोपं, एका रात्रीत फस्त होतो. फक्त कोंडवाड्यात पाणी, वैरण आहे का ते विचारा. परवान्याचं मला फारसं काही म्हणायचं नाही.

सोपो मात्र घट्ट धरा. सोपोची वसुली पावणीत, म्हणजे लिलावात, ठेका घेतलेला ठेकेदार करतो. पंचायतीला बोलीची ठरलेली रक्कम मिळते. आता मधेच दर वाढवला तर वरचे पैसे पंचायतीच्या तिजोरीत येतात कुठे? ते ठेकेदाराकडेच राहतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, की वाढ चालू पावणीला की पुढच्या?

गेल्या चवथीआधी माझी वहिनी गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन बसली होती. कांगलां, कवंडळं, आंबाडे, सगळं रानातून स्वतः आणलेलं. वसुलीवाल्याने गोणपाटाबाहेर आलेली टोपली पायाने दाखवली आणि दोन जागांचे पैसे घेतले. पावतीवर रक्कम पेनाने लिहिलेली, दर छापलेलाच नाही. जागा म्हणजे किती हात, हे ठरावात लिहिलेलं नसेल तर दर कितीही ठरवा, मोजणार तोच.

आणखी एक. फी लावायचा अधिकार पंचायतीला 1994 च्या गोवा पंचायती राज कायद्याने आहे, पण सरकारने घातलेल्या कमाल मर्यादेच्या आत. ती मर्यादा सचिवांना सभेत वाचायला लावा. पावणीचा ठराव आणि कराराची प्रत माहिती हक्काखाली आजच मागा, उत्तराला 30 दिवस लागू शकतात.

बोलायचं ते लिहून न्या, दोन प्रती. एक सचिवांना, दुसरीवर पोचेचा शिक्का. मी एकदा तोंडीच बोललो, दहा मिनिटं. इतिवृत्तात आलं, 'चर्चा झाली'.